रतनगड ते भीमाशंकर सलग चाल : जुने सामान दुरुस्त करावे की बदलावे?

मुक्काम पोस्ट ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे मित्र रतनवाडीहून निघून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, खिरेश्वर, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग आणि आहुपे असे करत भीमाशंकरपर्यंत चालत जाणार आहोत. हाताशी सात दिवस आहेत. नकाशावर दोरा लावून मोजलेले अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते; चढउतार धरले तर पायांना ते बरेच जास्त वाटेल याची कल्पना आहे.

अडचण अशी की माझे सगळे सामान २०१४-१५ सालचे आहे. त्यानंतर संसार, बदली आणि गुडघा या क्रमाने आड आलेल्या गोष्टींमुळे माझे फिरणे एकदिवसीय भटकंतीपुरते उरले आणि मोठी सॅक माळ्यावर गेली. गेल्या रविवारी सर्व खाली काढून एकेक वस्तू काट्यावर टाकली. रिकामी सॅक २.३ किलो, दोघांचा तंबू २.६, झोपायची पिशवी १.७, फोमची मॅट ०.४, कपडे ३.२, सुका खाऊ आणि शिधा २.५, तर बॅटरी, पॉवर बँक, औषधे, कॅमेरा आणि इतर किडूकमिडूक मिळून १.८ किलो भरले. म्हणजे एकूण १४.५ किलो, आणि तीन लिटर पाणी धरले तर साडेसतरा. चूल आणि भांडी दुसऱ्या मित्राच्या पाठीवर आहेत, ती यात धरलेली नाहीत. माझे स्वतःचे वजन ६८ किलो आणि वय ४६ आहे.

खर्चासाठी पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एवढ्यात सगळे नवे येणार नाही हे उघड आहे. तेव्हा आधी काय बदलावे, काय दुरुस्त करून वापरावे आणि काय सरळ घरी ठेवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. बूट वरून अगदी चांगले दिसतात, त्यामुळे तो खर्च वाचेल असे मी गृहीत धरले आहे. सॅकच्या आतला थर मात्र चिकट होऊन सोलपटू लागला आहे आणि तिला एक आंबूस वास येतो.

कातळवाट

बूट वरून चांगले दिसतात, या एका वाक्यामुळे उत्तर लिहायला बसलो. दहा वर्षांच्या बुटाचे वरचे चामडे काहीच सांगत नाही. खालचा काळा रबरी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये जो मऊ थर असतो तो बऱ्याच ट्रेकिंग बुटांमध्ये पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतली ओल या पदार्थाला हळूहळू आतून तोडत राहते. बूट वापरले नाहीत म्हणून ते टिकतात असे अजिबात नाही. ठाण्यासारख्या दमट हवेत, माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले बूट तर लवकरच जातात. त्या मधल्या थरावर अंगठ्याने जोराने दाबून पाहा आणि बूट दोन्ही हातांनी वाकवून उजेडात धरा. बारीक भेगांचे जाळे दिसले, दाबलेला भाग परत वर आला नाही किंवा बोटाला पिठासारखी भुकटी लागली, तर तो बूट संपला असे समजा. निव्वळ तळ सुटला असेल आणि मधला थर शाबूत असेल तर चांगला चांभार तो चिकटवून वर शिवणही घालून देतो. मधल्या थराचाच भुगा झाला असेल तर गोंद कोणत्याही प्रतीचा आणा, त्याला धरायला काही उरलेलेच नसते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतकडे उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला फटक-फटक वाजू लागला. नायलॉनची दोरी चवड्यावरून आणि टाचेखालून गुंडाळली, पण कातळावर घासून ती अर्ध्या तासात तुटायची. चार वेळा दोरी बांधली, पाचव्या वेळी बॅगेचा बंद कापला. संध्याकाळी कुमशेतमध्ये एका आजोबांनी जुन्या टायरच्या ट्यूबची हातभर पट्टी कापली, ती ओली करून बुटावर ताणून बसवली आणि वरून तारेचे दोन वेढे दिले. त्या पट्टीवर मी पुढचे दोन दिवस चाललो. दुसऱ्या बुटाचा तळ हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीकडे उतरताना गेला, कारण दोन्ही बुटांचे वय एकच होते. तेव्हापासून ट्यूबची एक पट्टी माझ्या सॅकमध्ये कायम असते.

नवे बूट घ्यायचे तर ते याच आठवड्यात घ्या. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात, आणि चालताना घालणार तेच मोजे नेऊन पायात घाला. नाडी आवळून उतरत्या फळीवर उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकत असतील तर तो बूट खिरेश्वरच्या उतारावर तुमची नखे काळी करणार. निघण्याआधी त्यावर किमान पन्नास किलोमीटर चाल झाली पाहिजे, आणि त्यातली निम्मी तरी वजन घेऊन. पायाची नखे निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. पायात कुठे गरम झाल्यासारखे वाटले की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी ही मलमपट्टी असते, आधी लावलेली पट्टी हे सामान असते.

तुमच्या पंधरा हजारांपैकी पहिले पाच-सहा हजार पायांसाठी राखून ठेवा. बाकीचे इतरांनी सांगावे.

सुईदोरा

मी नाशिकला घरीच सॅक, तंबू आणि रेनकोट दुरुस्त करून देते, त्यामुळे सॅकबद्दल लिहिते. आतला चिकट थर आणि आंबूस वास ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जुन्या सॅकबद्दल असते. पाणी अडवण्यासाठी कापडाच्या आतून दिलेला लेप ओलीमुळे सुटत जातो आणि त्याचाच तो वास असतो. मात्र लेप गेला म्हणजे कापड गेले असे होत नाही. सॅक उलटी करून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, भांडी घासायच्या मऊ घासणीने सुटलेला थर खरवडून काढा आणि सावलीत वाळवा. पाणी अडवण्याचे काम त्यानंतर आत घातलेल्या एका जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीने करायचे. सगळे सामान त्या पिशवीत आणि पिशवी सॅकमध्ये. बाहेरून चढवायचे रेनकव्हर मला फारसे पटत नाही, कारण पाठीकडून गळणारे पाणी ते अडवत नाही आणि करवंदीच्या जाळीत ते पहिल्याच दिवशी फाटते. डिसेंबरात पाऊस सहसा नसतो. पण पहाटेचे दव आणि बाटलीचे ढिले झाकण यांची खात्री कोणी देऊ शकत नाही.

खरी तपासणी शिवणींची करा. खांद्याचे पट्टे सॅकच्या पाठीला जिथे जोडलेले असतात तिथे आणि कमरेच्या पट्ट्याच्या मुळाशी धागा उसवला आहे का, ते पट्टा उलटा ओढून पाहा. सॅक भरून उचलताना आपण सगळे तिला एका खांद्याच्या पट्ट्याला धरून हिसका देतो, त्यामुळे उजव्या पट्ट्याची शिवण नेहमी आधी जाते. चांभाराकडून किंवा बॅगवाल्याकडून जाड नायलॉन धाग्याची आडवी-तिरपी दुहेरी शिवण घालून घ्या; साध्या सुती धाग्याने घातलेली शिवण तुम्हाला नाणेघाटापर्यंतसुद्धा पुरणार नाही. चेन अडकत असेल किंवा मागून उघडत असेल तर अख्खी चेन बदलू नका. बहुतेक वेळा दात चांगले असतात आणि झिजलेला असतो तो रनर. तो पक्कडीने दोन्ही कडांवर हलकेच दाबला तरी पुष्कळदा काम भागते, नाहीतर नवा रनर अगदी थोड्या पैशांत बसतो. दातांवरून मेणबत्ती फिरवा. कमरपट्ट्याचे बकल मात्र हातात घेऊन दहा वेळा लावून-काढून पाहा. जुने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि ते तुटले की सगळे ओझे खांद्यावर येते, म्हणून त्याच मापाचे एक बकल जवळ ठेवा.

ओझे नीट बसवायचे असेल तर सॅक भरल्यावर आधी सगळे पट्टे सैल करा, कमरपट्टा पोटावर नव्हे तर दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर येईल असा बांधा, मग खांद्याचे पट्टे फक्त पाठ लागेपर्यंत ओढा आणि छातीचा पट्टा सर्वांत शेवटी लावा. पाणी आणि जड वस्तू पाठीला लागून, मध्यावर ठेवा. हे नीट जमले तर दोन किलो वजन कमी झाल्यासारखे वाटते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

झोपायची पिशवी इतकी वर्षे आवळून ठेवली होती का? तसे असेल तर आतले भरण दबले असणार. तिला चार दिवस मोकळी पसरून ठेवा, रोज झटका आणि मग एका रात्री गच्चीवर झोपून पाहा. पिशवीवर अंशांचे आकडे छापलेले असतील तर ‘कम्फर्ट’पुढचा आकडा वाचा, ‘एक्स्ट्रीम’पुढचा आकडा सुखाची झोप सांगत नसतो, जीव कसाबसा तगेल एवढेच सांगत असतो. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर डिसेंबरात पहाटे पारा कधीकधी एक आकडी होतो आणि वर वारा असतो. पिशवी थोडी कमी पडत असेल तर नवी घेण्याऐवजी आत घालायला पातळ फ्लीसचे अस्तर शिवून घ्या.

बिनतंबूचा

आधी एक मतभेद नोंदवतो. ‘कातळवाट’ यांच्या बुटांच्या तपासणीशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु नवे घेताना घोट्याच्या वरपर्यंत येणारे जड बूटच हवेत असे नाही. तेरा किलोच्या आत ओझे असेल आणि पाय सरावलेले असतील तर चांगल्या खाचांचे, घोट्याखालचे हलके बूट सह्याद्रीच्या मुरमाड घसाऱ्यावर मला जास्त भरवशाचे वाटतात. जुन्या गुडघ्याला बुटापेक्षा दोन काठ्या जास्त उपयोगी पडतात. हाताचा कोपर काटकोनात राहील एवढी काठीची उंची ठेवायची आणि लांब उतारावर ती थोडी वाढवायची.

आता तंबूबद्दल. माझ्या नावावरून उत्तर कळले असेलच. तुमच्या वाटेवर रतनवाडी, कुमशेत, पाचनई, खिरेश्वर, जुन्नरकडचे घाटघर, दुर्गवाडी, आहुपे आणि कोंढवळ अशी गावे ओळीने आहेत. तुमचे मुक्काम डोंगरमाथ्यांवर न पाडता गावांत पाडले तर एखाद्या घराची ओसरी किंवा देवळाचा सभामंडप मिळतो, पिठले-भाकरी मिळते आणि त्या घराला चार पैसेही मिळतात. फक्त आदल्या दिवशी फोन करून किती माणसे येणार ते कळवा; रात्री आठ वाजता चार भुकेली माणसे दारात उभी राहिली तर कोणाच्याही चुलीची पंचाईत होते. असे केले तर २.६ किलोचा तंबू, अडीच किलोच्या शिध्यातला निम्मा भाग आणि मित्राच्या पाठीवरची चूल-भांडी हे सगळे घरी राहू शकते. अंगावर ओढायला आणि खाली अंथरायला एक हलकी ताडपत्री आणि दोरी घ्या, म्हणजे एखाद्या दिवशी गाव गाठता आले नाही तरी अडणार नाही.

वाचलेले वजन पाण्यासाठी ठेवा. डिसेंबरात गडांवरच्या बऱ्याच टाक्यांत पाणी असते, पण ते पिण्याजोगे असेलच असे नाही, आणि ढाकोबा-दुर्गच्या पठारावर पाण्याच्या जागा वाटाड्याशिवाय सापडणे कठीण जाते. गावातून निघताना माणशी चार लिटर भरून निघा. टाक्यातले पाणी घ्यायचेच असेल तर ते आधी चार पदरी सुती फडक्यातून गाळा आणि मग क्लोरिनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेली वेळ, निदान अर्धा तास, थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही. फिल्टर घ्यायचा असेल तर घरी दोन बाटल्या पाणी त्यातून काढून पाहा, आणि तो उलटा धुण्याची पिचकारी बरोबर घ्यायला विसरू नका. आमच्या एका फेरीत फिल्टर होता पण पिचकारी कल्याणला राहिली होती, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यातून थेंब-थेंब पाणी येत होते.

जीवधनच्या तुटलेल्या पायऱ्यांच्या टप्प्यावर भरलेली सॅक घेऊन चढू नका. ती घाटघरला मुक्कामाच्या घरी ठेवा आणि पाठीवर छोटी पिशवी टाकून गड करून या. त्यासाठी घडी होणारी एक पातळ पिशवी सामानात असू द्या.

कातळवाट

घोट्याखालच्या बुटांबद्दल: पाय सरावलेले असतील तर, ही अट महत्त्वाची आहे. विचारणारे गृहस्थ कित्येक वर्षांनी पाठीवर मोठे ओझे घेणार आहेत. त्यांनी दोन्ही प्रकार दुकानात पाठीवर वजन घेऊन घालून पाहावेत एवढेच म्हणतो. काठ्यांचे मात्र मान्य.

पाचनईचा पाहुणा

दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. या वाटेचा पहिला भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जातो आणि शेवट भीमाशंकर अभयारण्यात होतो. मुक्काम, चूल आणि शेकोटी यांचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी वनखात्याकडे आणि पाचनईच्या नाक्यावर चौकशी करा. डिसेंबरात गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीत अख्खे पठार जाते.

दुसरी गोष्ट आग्या माश्यांची. कड्यांच्या पोटात त्यांची पोळी असतात. अत्तर आणि वासाचे तेल घरी ठेवा, पोळ्यांखाली विडी-सिगारेट पेटवू नका, आरडाओरडा करू नका. अंगावर आल्याच तर हात झटकू नका. डोके आणि तोंड झाकून तिथून दूर निघून जा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट आणि एक मोठा सुती पंचा एवढे अंगावर असले तर कारवीच्या रानातही तेच उपयोगी पडते. ॲलर्जीचा त्रास असलेल्या माणसाने औषध सॅकच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावे आणि ते कुठे आहे हे इतर तिघांना दाखवून ठेवावे.

मुक्काम पोस्ट ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत काय झाले ते कळवतो.

बुटांची चाचणी त्याच रात्री घेतली. अंगठ्याने दाबल्यावर डाव्या टाचेत खळगा पडला आणि तो तसाच राहिला. तरीही मन मानेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे तेच बूट घालून आणि पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन येऊरच्या जंगलात गेलो. साधारण चौथ्या किलोमीटरला डावा पाय अचानक हलका लागला. मागे वळून पाहिले तर टाचेचा अर्धा तळ वाटेवर पडलेला होता आणि त्याच्या आतून राखाडी भुसा गळत होता. हे कात्राबाईच्या खिंडीत झाले असते तर काय, याचा विचार करत रिक्षा मिळेपर्यंत लंगडत आलो. तांदूळ घरी परत नेल्यावर बायकोने जे विचारले ते येथे लिहीत नाही.

नवे बूट ५,२०० रुपयांना घेतले. ते घोट्यापर्यंत येतात, पण जुन्यांपेक्षा बरेच हलके आहेत, म्हणजे दोन्ही गुरूंचा मान राखला. त्यावर आतापर्यंत ३४ किलोमीटर चाललो. डाव्या करंगळीपाशी गरम लागायचे. तिथे आधीच पट्टी लावू लागल्यापासून त्रास नाही. काठ्यांच्या जोडीला १,८०० लागले. सॅक घासून धुतली, वास बराच गेला. उजव्या खांद्याची शिवण ‘सुईदोरा’ यांनी सांगितल्याप्रमाणे खरोखरच उसवलेली होती. स्टेशनजवळच्या बॅगवाल्याने दोन्ही पट्टे आणि एक रनर मिळून तीनशे रुपयांत काम करून दिले. फ्लीसचे अस्तर शिवायला टाकले आहे.

सॅक २.३ किलो, ताडपत्री आणि दोरी ०.९, झोपायची पिशवी १.७, मॅट ०.४, कपडे १.९, खाऊ १.२ आणि इतर १.३ मिळून आता काटा ९.७ किलोवर आला आहे, आणि तीन लिटर पाण्यासह १२.७. कॅमेरा घरी राहणार. चार लिटर भरायचे त्या दिवशी आणखी एक किलो वाढेल हे ठाऊक आहे.

एक शंका मात्र उरली आहे. आमच्यातल्या एका मित्राला पहाटे चहा लागतोच, आणि त्यासाठी तो चूल, गॅसचा डबा आणि पातेले असे दीड किलो स्वतःच्या पाठीवर न्यायला तयार आहे. त्याला नको म्हणावे का?

बिनतंबूचा

त्याच्या पाठीवर असेल तर नेऊ द्या. फक्त चूल आणि डबा यांचे तोंड एकमेकांना बसते का, ते घरीच एकदा जोडून आणि पाणी उकळून पाहा. आपल्याकडे आटे असलेले आणि लांब नळीचे असे दोन्ही प्रकारचे डबे मिळतात आणि एकाची चूल दुसऱ्यावर चढत नाही. अभयारण्यात ती कुठे पेटवता येईल हे आधी विचारून घ्या, आणि रिकामा डबा परत घरी आणा. चहापत्ती थोडी जास्त घ्या, कारण उरलेले तिघेही पहाटे उठून बसणार आहेत.